बाबांची पावलं

हॉरर गेमच्या जादा भागात भुताच्या पावलांचा आवाज हवा होता, म्हणून साउंड डिझायनरने आपल्या बाबांनाच कामाला लावलं. "जिवंतपणीच भूत केलंस मला," असं कुरकुरत बाबांनी एक पाय ओढत, सपाता घासत घरच्या पॅसेजमध्ये चाळीस फेऱ्या मारल्या. तो भाग डाउनलोडला आला, तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते.

आईने हट्टच धरला, म्हणून त्याने तो टीव्हीवर लावून खेळायला घेतला. पावलं घासत घासत आली आणि दाराशी थांबली. भूत आत येऊ नये म्हणून त्याने गेममधल्या दाराला झटकन कडी लावली.



"कडी काढ आधी," आई म्हणाली. "किती वेळ उभं ठेवशील त्यांना?"