कडू फवारा

"पास," असं म्हणून मास्कच्या टेस्टवाल्याने सिस्टरच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत आलेली प्लास्टिकची टोपी उचलली. टोपीच्या आत त्याने कडू औषधाचा फवारा मारला होता. मान वळवून झाली, वाकून झालं, मोठ्याने बोलून झालं, तरी तिच्या जिभेला काही लागलं नव्हतं. म्हणजे मास्क तोंडावर चपखल बसला होता, कुठे फट नव्हती. टीबी वॉर्डात जायला ती आता लायक होती.

"मग हा मास्क मला द्या," ती म्हणाली. "असेच द्या, रोजच्याला."

हे टेस्टपुरते आहेत, टेस्टवाल्याने सांगितलं. लहान मापाचे त्याच्याकडे मोजकेच होते. रोजचा मास्क स्टोअरमधून घ्यायचा. स्टोअरमध्ये माप एकच, मोठं. थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा तो तिच्या गालांवर लोंबायचा. स्टोअरवाल्याला सांगून झालं होतं. मास्क म्हणजे काय चप्पल आहे का माप बघायला, असं तो म्हणाला होता.

रांगेतली वॉर्डातली मावशी म्हणाली, "हत्तीचं बरं. दाखवायचे काय नि खायचे काय, दोन्ही दात त्याच्याच तोंडात असतात."

रांग हसली. सिस्टर हसली नाही. तिच्याबरोबर ड्यूटी करणारी धाकटी सिस्टर त्याच वॉर्डात टीबी होऊन खिडकीजवळच्या कॉटवर पडून होती. तिच्या गोळ्या आता हीच द्यायची. तिलाही स्टोअरचा मोठाच मास्क मिळायचा, आणि टेस्टमध्ये तीही पास झाली होती.

सिस्टरने खिशातून स्टोअरचा मास्क काढला, चढवला आणि पुन्हा खुर्चीत बसली. आता याच्यावर टेस्ट घ्या, म्हणाली.

"नापास व्हाल, सिस्टर."

"रोज होतेच आहे. आज कुणीतरी बघू दे."

पहिल्याच फवाऱ्याला तिचं तोंड कडूजहर झालं. तिने हात वर केला. टेस्टवाल्याने रांगेकडे पाहिलं, हातातल्या पेनाकडे पाहिलं, आणि मेट्रनबाईंना बोलावणं धाडलं.

बाई आल्या त्या धापा टाकतच. आधी टेस्टवाल्याला झापलं, मग सिस्टरला. नापास लिहिलं तर हिला वॉर्डातून काढावं लागेल, आणि हिला काढल्यावर तिथे उभं कोण राहणार, भिंती? लहान मास्क मागून मागून त्यांची जीभ झिजली होती. वरून दर वेळी मोठेच यायचे. बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. मास्कात काही खोट नाही, म्हणाल्या, तुम्हा पोरींना तो लावता येत नाही. आण इकडे, दाखवते.

त्या खुर्चीत बसल्या. स्टोअरचा कोरा मास्क लावला, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबली, मागचे पट्टे ओढून घट्ट केले. त्यांचा चेहरा सिस्टरपेक्षाही बारीक होता. टोपी चढली. फवारा गेला.

टोपीच्या पारदर्शक भागातून सगळ्यांना दिसत होतं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, डोळ्यांत पाणी आलं. तरी त्या मान वळवत राहिल्या, डावीकडे, उजवीकडे, सांगितलं तशी.

टोपी उतरली. काही लागलं का, टेस्टवाल्याने विचारलं.

बाईंनी सिस्टरकडे पाहिलं नाही.

"काही नाही. पास लिहा. दोघींनाही."

मग त्यांनी न बघताच सिस्टरकडे हात पुढे केला. सिस्टरने आपली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या हातात दिली. कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकून बाई बाटली संपेपर्यंत चुळा भरत राहिल्या.