सोमवारची तारीख

कोर्टाची तारीख नेमकी सोमवारी पडली. सोमवारी दुपारपर्यंत शरयूचं मौन असे. नवरा गेल्यावर सावत्र लेकीचा ताबा धाकट्या दिराने मागितला होता. लेक जाण्यापेक्षा व्रत मोडलेलं बरं, असं ठरवूनच ती आली होती.

पण तिने तोंड उघडायच्या आत न्यायाधीशबाई म्हणाल्या, “थांबा. मुलगी सतरा वर्षांची आहे, आधी तिचं ऐकू. बोल बाळ, कुणाकडे राहायचंय?”

“आईकडे,” ईश्वरी म्हणाली. “काकांकडे सुट्टीत जाईन की. पण सोमवारी भाजीवाल्याशी भांडायला हिला मीच लागते.”

दिरालाही हसू आवरलं नाही. “मग आईकडेच राहा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

बाहेर जिन्यावर दिराने शरयूला गाठलं. “वहिनी, गौरींना दोघी या.”

सहा वर्षांत त्याने तिला वहिनी म्हणायची ही पहिलीच वेळ.