वळसा

“तिथं नको बसूस,” ताई म्हणाल्या. “ते टेबल मोकळंच असतं.”

नव्या मुलीनं खिडकीकडे पाहिलं. टेबलाशी एक माणूस बसला होता. राखाडी स्वेटर, कानामागे पेन्सिल. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी तो बोटाच्या टोकानं हळूच सरकवत होता.

तिनं पिशवी दुसऱ्या टेबलावर ठेवली. पहिलाच दिवस होता.

ही रोगनिदानाची प्रयोगशाळा होती आणि ताई इथल्या सगळ्यांत जुन्या. चहाचा ट्रे प्रत्येक टेबलाशी थांबायचा, खिडकीजवळ कधीच नाही. एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विनोद केला. सगळे हसले. तो माणूसही हसला, जरा उशिरा, जरा मोठ्यानं. कुणाची मान वळली नाही.

तपासणीआधी रंगवायच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या सकाळी त्या टेबलावर ठेवलेल्या असत. संध्याकाळी तयार मिळत. स्वच्छ, सुकलेल्या, कुठे एक बुडबुडा नाही.

“ह्या रंगवतं कोण?” तिनं विचारलं.

“होतात,” ताई म्हणाल्या. “अगदी भिंग आहेस बघ. प्रत्येक गोष्टीत डोळा घालायलाच हवा का?”

तेव्हापासून तिचं नाव भिंग पडलं.

भिंगाचा भुतांवर विश्वास नव्हता. तरीही त्या टेबलाकडे पाठ करून बसलं की तिच्या मानेवर काटा यायचा. शेवटी तिनं फरशी पुसणाऱ्या मावशींना गाठलं.

“मावशी, तिथं कोण बसतं हो?”

“कुठं गं?” मावशींचं फडकं त्याच टेबलाखाली फिरत होतं. “भरदुपारी घाबरवतेस होय मला!”

भिंग फडक्याकडे बघत राहिली. ते उजव्या बुटापर्यंत आलं, बुटाभोवती वळलं, मग डाव्या बुटाभोवती वळलं आणि पुढे गेलं.

त्यानंतर ती फक्त चालणाऱ्यांकडे पाहू लागली. टेबलांमधली वाट अरुंद होती. तो माणूस कपाटाशी उभा असला की लोक अंग चोरून त्याच्या बाजूनं निघून जात. बोलता बोलता, हसता हसता, हातात रसायनाच्या बाटल्या घेऊन. जे दिसत नाही, त्याला कधीतरी धक्का लागणारच. या माणसाला कधीच लागत नव्हता.

त्या दिवशी ती सरळ खिडकीपाशी गेली.

“दादा, तुम्ही यांना दिसता.”

त्यानं मान वर केली. बोलायची सवय मोडल्यासारखा त्याचा आवाज आधी फुटलाच नाही.

“दिसतो,” तो म्हणाला. “पण हे बोलणारी तू पहिलीच.”

“झालं काय?”

“अपघात झाला होता मला. सर दवाखान्यात फुलं घेऊन आले. माझ्या उशाशी बसलेल्याला म्हणाले, तुम्ही भाऊ का यांचे? मी म्हटलं, भाऊ नाही, जोडीदार. आम्ही एकत्र राहतो.” तो किंचित हसला. “सर फुलं तशीच परत घेऊन गेले.”

“आणि मग?”

“कामात खोट निघत नाही, म्हणून काढता येईना. मग दिसेनासा केला. मी तक्रार केलीय. पण सगळे सांगतात, आम्ही त्याला एका शब्दानंही बोललेलो नाही. आणि ते खरंच आहे ना! उद्या मुख्य कार्यालयातून मॅडम येतायत. या वेळीही कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही, तर खोटी तक्रार केली म्हणून मलाच घरी बसवतील.”

“मी बोलेन,” भिंग म्हणाली. “आत्ताच सरांना सांगून ठेवते.”

“नीट विचार कर, बाळ.”

“केला.”

दुसऱ्या दिवशी चहाचा ट्रे तिच्या टेबलाशी थांबला नाही. गडबडीत राहिला असेल, असं तिला वाटलं.

चौकशी मागच्या खोलीत होती. तिचं दार इतकं अरुंद होतं की यंत्रं आत जाईनात, म्हणून ती बैठकांना दिली होती. सर आणि ताई टेबलाशी बसले होते. दादा दाराजवळच्या स्टुलावर होता. मॅडम आल्या, त्याच्या पायांना सहज वळसा घालून खुर्चीपर्यंत गेल्या.

भिंग उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. चहाचा ट्रे, काचपट्ट्या, मावशींचं फडकं, कधीच न लागलेला धक्का. काही सुटलं नाही.

ती थांबली. 

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “एक नवी मुलगी साक्ष देणार होती ना?”

“हो, पण आली नाही,” सर म्हणाले. “आजकालची पोरं!”

“मी इथंच आहे,” भिंग म्हणाली. “मॅडम, मी तुमच्या समोर उभी आहे.”

ताईंनी मान खाली घातली.

“म्हणजे तक्रारीत तथ्य नाही,” मॅडम म्हणाल्या. “उठू या?”

भिंगाला स्वतःचे हात बघावेसे वाटले. तिनं बघितले. होते.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. दादा उठून दारात उभा राहिला होता. तिच्याकडे बघत त्यानं थोडी जागा केली. ती जाऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दार भरलं.

सगळे दारापर्यंत आले आणि थबकले. बाजूला व्हा म्हणायचं, तर कुणाला? सरांनी घसा खाकरला. ताई छताकडे बघू लागल्या. खोलीला दुसरं दार नव्हतं.

मॅडमनी पर्स छातीशी घट्ट धरली, नजर समोर कुठेतरी लावली आणि चालू लागल्या. त्यांचा खांदा भिंगाच्या खांद्यावर आदळला.

“अगं, सॉरी,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“मॅडम,” भिंगानं हळूच विचारलं, “कुणाला म्हणालात?”