आतली खोली

आतल्या खोलीत मोजणीवाल्याच्या यंत्राचा काटा सर्रकन वर गेला. “खालच्या जमिनीत युरेनियम आहे,” म्हणत तो धाकट्याबरोबर अंगणातली माती मोजायला गेला. परत आल्या आल्या धाकटा म्हणाला, “दादा, वाटणीत आतली खोली मला दे. तू नि पोरं पुढची घ्या.”

“खाली घबाड निघाल्यावर बरी आठवली रे वाटणी, चोरा!” थोरल्यानं कोपऱ्यातली कुदळ उचलून भावाच्या डोक्यात घातली. धाकटा उंबऱ्यावर कोसळला, तरी थोरला घाव घालतच राहिला.

आवाज ऐकून मोजणीवाला धावत आला.

“अरे देवा! अहो, त्या खोलीत झोपणं जिवाला घातक आहे असं मी अंगणात म्हटल्यावर तो एवढंच बोलला, ‘मग तिथं मी झोपेन. दादाची पोरं लहान आहेत.’”