बसस्थानकावर एक तास

नंदिनीचं वाक्य संपलं, तरी पेन चालूच होतं.

तिनं कान दिला. दहावीचा मराठीचा पेपर होता आणि शेवटचा निबंध सुरू होता, ‘बसस्थानकावर एक तास’. नंदिनीला दिसत नाही, म्हणून आर्वीच्या त्या शाळेत तिला वेगळी खोली दिली होती, आणि ती सांगेल ते लिहायला अंकिता नावाची नववीतली मुलगी शेजारी बसवली होती. नंदिनी एक ओळ सांगायची आणि कागदावर चार उतरायच्या.

“मी तं थांबली. तू काय लिवून राह्यली?”

पेन थांबलं.

“वाच.”

पर्यवेक्षक झाडे सरांची खुर्ची करकरली. वेळ वाया घालवू नका, असं ते म्हणाले. नंदिनी हटली नाही. शेवटी अंकितानं दबक्या आवाजात वाचलं, “रंगीबेरंगी साड्यांमुळे बसस्थानक फुलांच्या ताटव्यासारखे दिसत होते. मावळत्या सूर्याची लाली बसच्या काचांवर पसरली होती.”

“हे कोनं पाह्यलं?” नंदिनीनं विचारलं.



आर्वीचं बसस्थानक नंदिनीला घरासारखं ठाऊक होतं. वर्ध्याची गाडी लागली की आधी चपला धावतात, मग माणसं बोलायला लागतात, असं तिनं सांगितलं होतं. कंडक्टर दार कसं आपटतो त्यावरून गाडी भरली की रिकामी आहे ते कळतं, हेही सांगितलं होतं. ही वाक्यं सुचली तेव्हा ती मनातल्या मनात खूश झाली होती. अंकितानं पुढं वाचलं तेव्हा कळलं, उत्तरपत्रिकेत त्यांचं ‘प्रवाशांची एकच धांदल उडाली’ एवढंच झालं होतं.

“थूल मॅडमनं पाठ करून घेतला हा निबंध,” अंकिता रडवेली झाली. “तुमचं उत्तर कमी पडलं तं नीट करून लिहिजो म्हने, ताई. पह्यल्या प्रश्नापासून.”

थूल मॅडम! ते नाव ऐकून नंदिनीच्या अंगाची लाही लाही झाली. दुसरं कोणी असतं तर तिनं गिळलंही असतं. पण नंदिनीच्या बोटांना ब्रेलची टिंबं शिकवली ती मॅडमनीच, हातात पांढरी काठी दिली तीही त्यांनीच. गावोगावच्या शाळांत फिरून अशा मुलांना शिकवण्यात त्यांची कितीतरी वर्षं कंत्राटावर गेली. औंदा त्या कायम झाल्या, तेव्हा सगळ्यात आधी नंदिनीच्या घरी पेढे आले. मग शिक्षण खात्याच्या ऑफिसातले साहेब प्रत्येक मुलाचा निकाल विचारायला लागले आणि मॅडमचा जीव वरखाली व्हायला लागला. एवढी वर्षं स्वतः शिकवलेल्या पोरीवर त्यांचा शेवटी एका पेपरापुरताही भरवसा नव्हता.

झाडे सर जवळ आले. “पोरी, मार्क तं तुलेच भेटणार. काऊन एवढं मनावर घेतं?”

सर माणूस चांगले होते, आणि नंदिनीला तोच चांगुलपणा झोंबत होता. पलीकडच्या खोल्यांत कॅमेरे लावले होते, मुलांचे खिसे आणि मोजे तपासले जात होते. कॉपी पकडणारं पथक तिच्याही दाराशी आलं होतं. दिव्यांग लेकरू आहे, असू द्या, असं म्हणून ते आत न येताच गेलं. तिच्यावर संशय घ्यायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नव्हती. दया दाखवली की काम संपलं, अशी या लोकांची समजूत. ती दया त्यांनी आपल्या घरी ठेवावी.

“खोड,” ती अंकिताला म्हणाली. “जे मी बोलली नाई, ते सारं खोड.”

आता मात्र सर घाबरले. त्यांनी समजावून पाहिलं. वेळ थोडा उरलाय, खोडलेलं परत लिहून होणार नाही, मार्क घसरले तर वर्ध्याचं कॉलेज गेलं आणि तिथलं वसतिगृहही गेलं. मग गावात बसून काय करशील, असंही त्यांनी विचारलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. ते कॉलेज नंदिनीनं कधीपासून मनाशी धरलं होतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

“तं मंग नापास करा, सर,” ती म्हणाली. “पन मलेच करा.”

सर खुर्चीत जाऊन बसले. अंकितानं पानं मागं उलटली आणि नाक ओढत ती खोडायला लागली. पट्टी सरकवायची, रेघ मारायची, पान उलटायचं. निम्मीअधिक उत्तरं गेली. मग नंदिनीनं पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सांगायला घेतलं. दर वाक्यानंतर ती थांबायची, लिहिलेलं वाचून घ्यायची आणि मगच पुढचं सांगायची. निबंधाला हात लागायच्या आतच घंटा झाली आणि सरांनी उत्तरपत्रिका उचलली.

फाटकाशी थूल मॅडम उभ्या होत्या. शेजारी नंदिनीची आई, देवकाबाई, पाण्याची बाटली घेऊन. मॅडमनी नेहमीसारखा तिचा हात हातात घेतला. तो नंदिनीनं सोडवून घेतला.

“पेपर कसा गेला, बेटा?”

“तुमचा खोडला, मॅडम,” नंदिनी म्हणाली. “माहा अर्धाच झाला.”