उलटं बंदर

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं बंदराचं दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र फ्रेम करायला आलं होतं. फ्रेमवाल्याचे वडील दुकानातच बसलेले असायचे. उभा जन्म त्यांनी त्याच बंदरात लाँच चालवली होती. आता मात्र पोटच्या पोरालाही ते 'अहो फ्रेमवाले' म्हणत. चित्र पाहताच ते करवादले, "अहो फ्रेमवाले, हे उलटं आहे. बंदरात शिरताना दीपगृह उजव्या हाताला लागतं." फ्रेमवाल्याने सवयीने मान डोलावली आणि मग तो थबकला. कारागिराने पत्र्यावर चित्र सुलटं कोरलं असेल, तर कागदावर ते उलटंच उमटणार. त्याने ते भिंतीवरच्या आरशासमोर धरलं. दीपगृह उजवीकडे गेलं, धक्क्याच्या पायऱ्या डावीकडे आल्या. "आता कसं," वडील आरशात बघत म्हणाले, "त्या शेवटच्या पायरीवर डबा घेऊन उभी असायची." "कोण?" फ्रेमवाल्याने विचारलं. "अरे, कोण काय विचारतोस? तुझी आई."