सुनेचं धावणं

सून रागिणी तीन महिन्यांत एकदाही बाहेर बसली नाही, हे सुभद्राबाईच्या नजरेतून सुटतं थोडंच? डॉक्टरकडे नेण्याआधीच तिनं अर्ध्या वलगावात पेढे वाटले. श्रेयही तिचंच होतं. “लग्नाले चार वर्षं झाले, चरबीनं कूस बुजली तुही. धाव जरा!” असं टोचून टोचून तिनंच सुनेला रस्त्यावर काढलं होतं. आता रागिणी सकाळ-संध्याकाळ धावायची, अंगात ताप असला तरी थांबायची नाही.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर पोट तपासलं. “गर्भ नाही. अति धावणं आणि मनावरचा ताण, दोन्हींनी मिळून पाळी बंद पाडली आहे. धावणं थांबवा.”

“ताण? हिले कायचा ताण वो म्याडम?” सुभद्राबाई फणकारली. “दोन टाइम आयतं गिळते, तरी अंगाले मास नाही!”

रागिणी पहिल्यांदाच बोलली. “बाकी सांगान ते करीन, मॅडम, पन धावनं सोड म्हनू नका. तेवढाच वेळ मले कोनाचं बोलनं ऐकू येत नाही.”

सुभद्राबाईनं तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आतच टेबलाखाली रागिणीचे पाय बसल्या जागी धावू लागले.